वडिलांना वारंवार येणारा ताप आणि पायाचा जंतुसंसर्ग: मूळ कारण कसे शोधावे?

प्रश्न (लेक)

माझ्या वडिलांचे वय ७८ असून गेल्या १४ महिन्यांत त्यांना एकाच तऱ्हेचा आजार चौथ्यांदा झाला आहे. प्रत्येक वेळी सुरुवात अचानक होते. दुपारपर्यंत व्यवस्थित बोलत-चालत असलेले वडील संध्याकाळी हुडहुडी भरून अंथरुणावर पडतात, तासाभरात ताप १०२ किंवा १०३ अंशांवर जातो, उजव्या जांघेत अवधाण येते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उजवी नडगी लाल, गरम आणि तुकतुकीत झालेली दिसते. पाच ते सात दिवस अँटिबायोटिक दिल्यावर ताप उतरतो, लालीही ओसरते. घोट्याभोवतीची सूज मात्र दर खेपेला आधीपेक्षा थोडी अधिक राहून जाते. याखेरीज मधल्या काळात त्यांच्या मानेवर व पाठीवर दोनदा केसतूड झाले आणि त्यांतील एक डॉक्टरांना चिरा देऊन मोकळे करावे लागले.

त्यांना १६ वर्षांपासून मधुमेह आहे. ताप रात्री-अपरात्री चढत असल्याने त्या वेळी जे डॉक्टर उपलब्ध असतील त्यांच्याकडे जावे लागते आणि त्यामुळे चार खेपांना चार वेगळ्या डॉक्टरांनी त्यांना तपासले. प्रत्येकाने समोरच्या तापावर उपचार केले. हा आजार परत परत का होतो, हे विचारण्याची सवड कोणालाच मिळाली नाही, आणि पहिल्या दोन खेपांना तो प्रश्न मलाही सुचला नव्हता. गेल्या खेपेस तर ताप येण्यापूर्वी अर्धा दिवस वडील असंबद्ध बोलत होते, स्वतःच्याच खोलीत चाचपडत होते, आणि आम्ही ते वयाचे लक्षण समजून गप्प राहिलो. याची रुखरुख मला अजून वाटते.

मला विचारायचे आहे ते असे की, या सगळ्यामागे एकच कारण असू शकते का, ते शोधण्यासाठी कोणत्या तपासण्या करून घ्याव्यात, आणि पुढची खेप येऊ नये म्हणून रोज अँटिबायोटिक देण्याचा जो पर्याय एका डॉक्टरांनी ओझरता सांगितला, तो या वयात योग्य आहे का? रात्री ताप चढल्यास सकाळपर्यंत थांबावे की लगेच रुग्णालय गाठावे, हेही मला ठरवता येत नाही.

उत्तर (आईची शुश्रूषा केलेला मुलगा)

ताई, आपले वर्णन वाचताना माझ्या आईची तीन वर्षे डोळ्यांसमोर उभी राहिली. तिलाही तशीच हुडहुडी, तसाच ताप आणि तीच लाल नडगी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. केवळ आमच्याकडे काय घडले आणि आम्ही कोठे चुकलो एवढे लिहितो.

आम्ही प्रत्येक वेळी नडगीकडे पाहत होतो, कारण लाली तेथे होती. पाचव्या खेपेला एका त्वचारोगतज्ज्ञांनी आईच्या पायाची बोटे एकेक करून फाकवून पाहिली, तेव्हा चौथ्या आणि पाचव्या बोटांच्या बेचक्यातील कातडी पांढरी, ओलसर आणि मधोमध चिरलेली आढळली. साध्या चिखल्या! तिला कित्येक वर्षे त्या होत असत, ती कधी त्याविषयी बोलली नाही, आणि आम्हीही तिच्या पावलांकडे कधी नीट पाहिले नव्हते. त्या चिरांतून जंतू आत शिरत होते आणि वरची नडगी पेटत होती. बुरशीवरचे मलम चार आठवडे नेमाने लावले, बेचकी रोज कोरडी ठेवली, टाचांच्या भेगा मऊ राखल्या, तेव्हा खेपांमधले अंतर आधी वाढले आणि नंतर त्या थांबल्या.

तेव्हा सर्वप्रथम वडिलांची पावले चांगल्या उजेडात पाहावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोटांची बेचकी, नखांच्या कडा, टाचेच्या भेगा, कुरूप असल्यास त्याच्या भोवतीची कातडी, यांतले काहीही वगळू नये. त्यांना पायाला हात लावू देण्याचा संकोच वाटेल. आईलाही वाटत असे. लेकराकडून पाय धुऊन घेणे तिला जड जाई. मी पहिल्या दिवशी फक्त नखे कापून देण्याचे निमित्त केले आणि मग ते रोजचेच झाले.

दुसरी गोष्ट, एक वही करावी. तारीख, हुडहुडीची वेळ, सर्वाधिक ताप, पाय कोणता, लाली तापाच्या आधी दिसली की नंतर, कोणते औषध किती दिवस दिले आणि किती दिवसांनी ताप उतरला, हे सारे त्यात असावे. लाल झालेल्या पायाचे छायाचित्रही जपून ठेवावे. चार वेगळ्या डॉक्टरांना जे चार सुटे आजार वाटले, ते पाचव्या डॉक्टरांना त्या वहीमुळेच एका साखळीसारखे दिसतील.

उत्तर (फिजिशियन)

आपल्या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष तपासणीशिवाय पूर्ण होऊ शकत नाही, हे आधी नमूद करतो. तरीही आपण लिहिलेल्या तपशिलातून विचाराची दिशा बरीच स्पष्ट होते.

मला पहिली गोष्ट ही सांगावीशी वाटते की, पायाचा ताप आणि केसतुडे यांना घाईने एकाच माळेत ओवू नये. अचानक हुडहुडी, जांघेत अवधाण आणि पसरणारी लाली हे सेल्युलायटिसचे, म्हणजे त्वचा आणि तिच्याखालील थरातील जंतुसंसर्गाचे, चित्र आहे आणि पू नसलेल्या अशा सेल्युलायटिसमागे बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकॉकस जंतू असतात. केसतूड म्हणजे केसाच्या मुळाशी पू धरणे, आणि तेथे सहसा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो, जो साधारणपणे दर तीन माणसांपैकी एकाच्या नाकात कोणताही त्रास न देता राहतो. जंतू वेगळे असल्याने त्यांचा प्रतिबंधही वेगळा आहे. दोहोंना जोडणारा समान धागा असलाच, तर तो शरीराच्या प्रतिकारशक्तीत शोधावा लागतो आणि आपल्या वडिलांच्या बाबतीत पहिला संशय साखरेवरच जातो.

म्हणून पहिली तपासणी एचबीए१सी ही असावी, कारण तीतून मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते. एखाद्या सकाळची उपाशीपोटीची साखर चांगली आली म्हणून निश्चिंत होता येत नाही. तिच्यासोबत पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसह रक्तगणना, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी चाचणी), यकृताच्या चाचण्या, अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. रक्तगणनेतील एक बारकावा अनेकदा नजरेतून निसटतो: आजारी नसतानाही लिम्फोसाइट या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची संख्या सतत वाढलेली राहत असेल, तर उतारवयात हळूहळू वाढणाऱ्या एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाचा विचार करावा लागतो आणि त्या आजारात संरक्षक प्रथिने कमी पडल्याने जंतुसंसर्ग वरचेवर होतात. रक्तक्षय, हाडांचे दुखणे किंवा मूत्रपिंडाचा बिघाड सोबत असल्यास सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातील प्रथिनांची तपासणीही करावी. एचआयव्हीची चाचणी केवळ वय पाहून वगळू नये. वडील कोणत्याही आजारासाठी स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेट यांसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असतील, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गटातील औषधांमुळे लघवीतून साखर जाते आणि जननेंद्रियाभोवती बुरशीचा संसर्ग होण्याची शक्यता वाढते. त्या भागात क्वचित उद्भवणाऱ्या एका गंभीर संसर्गाबाबत अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये इशारा दिला होता. ही गोळी मनाने बंद करू नये, परंतु वडिलांना त्या भागात वेदना, सूज किंवा लाली जाणवते का, हे संकोच न करता विचारावे.

आता पायाविषयी. वरील उत्तरातील चिखल्यांचा मुद्दा अगदी योग्य आहे. त्याच्या जोडीला दुसरे कारण म्हणजे सूज. प्रत्येक सेल्युलायटिसमध्ये लसीकावाहिन्यांना (ऊतींमधील जादा पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नलिकांना) थोडी इजा होते, त्यामुळे पायातील पाणी पुरेसे वर वाहून जात नाही, साचलेल्या पाण्यामुळे पुढचा संसर्ग सोपा होतो आणि तो संसर्ग पुन्हा त्याच वाहिन्यांवर घाव घालतो. आपण लिहिलेले ‘दर खेपेला सूज थोडी अधिक राहून जाते’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. हत्तीरोग आढळणाऱ्या प्रदेशात पूर्वी दीर्घ वास्तव्य झाले असल्यास तेही सांगावे, कारण त्या आजारात अशाच तापाच्या खेपा येतात.

रोजच्या अँटिबायोटिकविषयी चांगला पुरावा उपलब्ध आहे. ब्रिटन आणि आयर्लंडमधील २७४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, पायाचा सेल्युलायटिस पुन्हा पुन्हा होणाऱ्यांना १२ महिने पेनिसिलिन-व्हीची २५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा देण्यात आली. गोळी घेणाऱ्यांपैकी २२ टक्के रुग्णांना त्या काळात आजार उलटला, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते. गोळी बंद केल्यावर मात्र हा लाभ टिकला नाही, आणि ज्यांना दीर्घकाळची सूज होती किंवा ज्यांना आधी तीन किंवा अधिक खेपा येऊन गेल्या होत्या, त्यांना तिचा उपयोग कमी झाला. याचा अर्थ मी असा घेतो की गोळीने उसंत मिळते. त्या उसंतीत चिखल्या, भेगा, सूज आणि साखर यांचा बंदोबस्त झाला नाही, तर वर्षानंतर आपण पुन्हा त्याच जागी येतो. पेनिसिलिनची अॅलर्जी नसल्याची खात्री करून आणि मूत्रपिंडाची स्थिती पाहून वडिलांच्या डॉक्टरांनीच हा निर्णय घ्यावा.

सूज उतरवण्याचा लाभ औषधाइतकाच ठळक दिसला आहे. ऑस्ट्रेलियात ८४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, दीर्घकाळ सूज असलेल्या पायांवर दाबपट्ट्या किंवा दाबाचे मोजे वापरणाऱ्यांपैकी १५ टक्के रुग्णांना सेल्युलायटिस पुन्हा झाला, आणि न वापरणाऱ्यांपैकी ४० टक्के रुग्णांना. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरलेल्या मुदतीपूर्वीच थांबवण्यात आली.

शेवटी एक प्रश्न मी आपल्यालाच विचारतो: तापाच्या प्रत्येक खेपेस पाय लाल झालाच होता का? एखाद्या खेपेस ताप आला आणि पाय मात्र स्वच्छ होता, असे घडले असल्यास सारा विचार बदलतो. मग लघवीचा मार्ग, पित्ताशय, क्षयरोग आणि हृदयाच्या झडपांवरील संसर्ग यांचा शोध घ्यावा लागतो. विशेषतः झडप बदललेली असल्यास किंवा तपासताना हृदयात नवा मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू आल्यास, अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर (रक्तातील जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखण्याची तपासणी) घेणे अत्यावश्यक असते. अर्धवट दिलेल्या औषधाने ताप आठवडाभर दबतो आणि कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत, असे मी अनेकदा पाहिले आहे.

उत्तर (परिचारिका)

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे. रात्रीचा निर्णय आणि रोजची निगा या दोन गोष्टींविषयी थोडे लिहिते, कारण घरच्यांची सर्वाधिक ओढाताण तेथेच होते.

वडील बरे असताना आठवडाभर सकाळ-संध्याकाळ त्यांचे तापमान मोजून लिहून ठेवावे. वृद्धांचे नेहमीचे तापमान कमी असू शकते आणि गंभीर संसर्गातही २० ते ३० टक्के वृद्धांना ताप अजिबात येत नाही किंवा अगदी किरकोळ येतो. म्हणून वृद्धांच्या बाबतीत तोंडाने मोजलेले तापमान एकदा १०० अंश फॅरेनहाइटच्या वर जाणे, वारंवार ९९ च्या वर राहणे किंवा नेहमीपेक्षा दोन अंशांनी वाढणे, यांपैकी काहीही घडल्यास तो ताप मानतात. कपाळाला हात लावून केलेला अंदाज पुरेसा नाही. दुखण्यासाठी नेमाने पॅरासिटामॉल चालू असेल, तर ताप झाकलेला राहू शकतो, हेही ध्यानात असावे.

गेल्या खेपेस वडील असंबद्ध बोलत होते, असे आपण लिहिले आहे. ताई, त्याची रुखरुख मनात ठेवू नका, कारण हे लक्षण अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटते. पुढच्या वेळी मात्र हाच पहिला इशारा समजावा. अचानक आलेला गोंधळ, ग्लानी, मिनिटाला २२ किंवा त्याहून अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा त्याखाली जाणे, लघवी फार कमी होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. पायाच्या बाबतीतही काही खुणा अशाच तातडीच्या आहेत. दिसणाऱ्या लालीच्या मानाने वेदना असह्य असणे, कातडी जांभळी-काळपट पडणे, पाण्याचे किंवा रक्ताळलेले फोड येणे, दाबल्यावर कातडीखाली चुरचुरणे किंवा लाली तासातासाला पुढे सरकणे, यांत घरी थांबायला वाव नसतो. लालीची कड पेनाने आखून तिच्या शेजारी वेळ लिहून ठेवली, तर ती पसरते आहे की नाही यावर घरात वाद होत नाही.

निगेविषयी सांगायचे तर, पाय रोज साबण आणि साध्या पाण्याने धुवावेत. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते, म्हणून पाणी किती गरम आहे हे वडिलांनी पायाने न पाहता आपण कोपराने पाहावे. खरा कस धुण्यापेक्षा पुसण्यात लागतो. मऊ कापडाने प्रत्येक बेचके टिपून कोरडे करावे, घासू नये. कातडी मऊ ठेवणारे मलम नडगीला आणि टाचेला लावावे, बेचक्यात लावू नये, कारण तेथे ओल साचते. बसलेले असताना पाय वर ठेवावा आणि घोटा दिवसातून अनेक वेळा वर-खाली हलवावा. घरातसुद्धा अनवाणी चालू देऊ नये.

दाबाच्या मोज्यांविषयी एक सावधगिरी सांगते. मधुमेह असलेल्या वृद्धांच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात आणि अशा पायावर दाब दिल्यास रक्तपुरवठा तुटून जखम होते. म्हणून घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाची तुलना करणारी तपासणी झाल्याशिवाय आणि माप घेतल्याशिवाय मोजे विकत आणू नयेत. पाय लाल आणि दुखरा असताना मोजे घालण्याची घाईही करू नये; ते पुन्हा केव्हा सुरू करायचे, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

केसतूड घरी दाबून फोडू नये. टॉवेल, दाढीचे साहित्य आणि अंथरूण-पांघरूण वेगळे ठेवावे. केसतुडे होतच राहिली तर पुवाचे कल्चर करून, नाकात लावण्याचे मुपिरोसिन मलम आणि अंगाला लावण्याचे क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक असा काही दिवसांचा उपाय डॉक्टर सुचवू शकतात. घरातील दुसऱ्या कोणाला तसेच फोड येत असतील, तर तेही सांगावे. रात्री अंगाला खाज सुटते का, हे एकदा विचारावे, कारण वृद्धांमधील खरूज पुष्कळदा ओळखली जात नाही आणि खाजवून झालेल्या ओरखड्यांतून जंतू आत जातात.

प्रश्नकर्तीचे पुढील निवेदन (लेक)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नखे कापून देण्याचे निमित्त मीही केले. उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांमध्ये चिखल्या आहेत, एक चीर तर खोल आहे आणि तिचे वडिलांना काहीच दुखत नाही, याची मला अधिक भीती वाटली. विचारल्यावर त्यांनी कपाटातून मलमाची एक ट्यूब काढून दाखवली, ती ते दोन वर्षांपासून स्वतःच्या मनाने बेचक्यात आणि जांघेत लावत आहेत. तिच्यावर बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासोल असे नाव छापलेले आहे. लावल्यावर खाज लगेच थांबते, म्हणून त्यांचा तिच्यावर विश्वास आहे. एचबीए१सी ९.४ आले आहे. जुने कागद तारखांनुसार लावून पाहिले, तेव्हा चारही खेपांना उजवाच पाय लाल झाल्याची नोंद सापडली. पाय स्वच्छ असताना ताप आल्याची एकही नोंद नाही.

दोन गोष्टी अजून विचारायच्या आहेत. हे मलम आजच थांबवू का? आणि ताप रात्री चढतो, तेव्हा अँटिबायोटिकचा एक कोर्स घरात आणून ठेवावा का?

उत्तर (फिजिशियन)

आपण नेमके दार शोधले आहे. क्लोबेटासोल हे अतिशय तीव्र स्टेरॉइड आहे. त्याने खाज आणि लाली दबते, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते, आणि दीर्घकाळ लावल्याने कातडी पातळ होऊन सहज चिरते. जांघेत तर कातडी मुळातच पातळ असल्याने इजा लवकर होते. हे मलम थांबवायलाच हवे. परंतु दोन वर्षांच्या वापरानंतर ते एकदम बंद केल्यास काही दिवस लाली आणि आग उसळून येऊ शकते व वडील घाबरून पुन्हा तेच लावू लागतात. म्हणून याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून, त्यांच्या देखरेखीखाली ते बंद करावे आणि केवळ बुरशीवरचे औषध सुरू करावे. जांघ आणि बेचके दोन्हीकडे बुरशी असल्यास पोटात घेण्याचे औषधही लागू शकते, ते देण्यापूर्वी यकृताच्या चाचण्या आणि चालू औषधे पाहिली जातात.

चिरेचे दुखत नाही, ही आपली भीती रास्त आहे. मज्जातंतूंची संवेदना कितपत शिल्लक आहे, हे तपासण्यासाठी दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळपायाला टेकवून पाहतात. काही मिनिटांची ही तपासणी येत्या भेटीतच मागून घ्यावी. साखर ९.४ वरून खाली आणताना घाई करू नये, कारण या वयात साखर एकदम उतरली तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. वडिलांसाठी योग्य पातळी कोणती, हे मधुमेहाचे डॉक्टर त्यांचे इतर आजार पाहून ठरवतील.

घरात अँटिबायोटिक ठेवण्याबाबत: ज्यांच्या खेपा ठरावीक चित्राने येतात आणि ज्यांना रुग्णालय लांब पडते, अशा काही रुग्णांना डॉक्टर औषधाचे नाव, मात्रा आणि केव्हा सुरू करायचे हे लिहून देतात. आपल्या वडिलांना गेल्या खेपेस गोंधळलेली अवस्था आली होती, म्हणून त्यांच्यासाठी मी हा मार्ग सुचवणार नाही. त्यांना हुडहुडी भरली की घरी गोळी देऊन वाट पाहण्यापेक्षा थेट रुग्णालयात न्यावे आणि वहीतील पहिले पान तेथील डॉक्टरांपुढे ठेवावे. त्या पानावर चालू औषधे, औषधांची अॅलर्जी, आधीच्या चार खेपांच्या तारखा आणि त्या वेळी लागू पडलेल्या अँटिबायोटिकचे नाव आजच लिहून काढा. त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना ती ट्यूबही सोबत न्या, म्हणजे वडिलांना तिचे नाव आठवावे लागणार नाही.